दुसऱ्या तक्त्यातली सातवी ओळ

मासळीबाजाराच्या थांब्यावर एक म्हातारी बसमध्ये चढली, हातातलं ॲल्युमिनियमचं घमेलं तिने दोन पायांच्या मध्ये ठेवलं, सीटवर टेकली आणि ओठांचा चंबू करून छातीत असेल नसेल तेवढी हवा एका दमात बाहेर सोडली. बारीक, लांबट शीळ घातल्यासारखा आवाज झाला. बसमध्ये कुणी मान वर केली नाही. फक्त तिच्या मागच्या सीटवर बसलेल्या प्राध्यापक ह्यन तेगूनच्या मांडीवरचे छापील कागद घसरले, आणि ते उचलायला वाकताना त्याला जाणवलं की आपण श्वास रोखून धरला आहे. हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. बुडी मारून समुद्राच्या तळाशी शिंपले खरवडणाऱ्या बाया पाण्याबाहेर डोकं काढतात तेव्हा असा श्वास सोडतात. त्या एका शिळेबरोबर छातीतली किती वापरलेली हवा बाहेर पडते, किती उरते, पुढच्या बुडीआधी किती क्षण थांबलं तर भोवळ येत नाही, यावर त्याने अकरा पानांचा निबंध लिहिला होता आणि तो परदेशातल्या मुलांना अभ्यासाला होता. पण त्या अकरा पानांच्या कितीतरी आधी, सहा वर्षांचा असताना, जेजू बेटावरच्या काळ्या खडकांवर बसून तो या शिळा ऐकायचा. वीस-पंचवीस बायांच्या शिळांमधून एकच निवडायची. तिचा शेवट किंचित चिरल्यासारखा व्हायचा. ती ऐकू आली की आई वर आली. नाही आली तर अजून खालीच.

“सर, कागद भिजले का?” डॉक्टर चे म्हणाला. चे त्याचा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख. शेजारची जागा रिकामी असूनही तो सरांपुढे बसला नव्हता, वरचा दांडा धरून उभा होता. त्याची गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून दोघं छापखान्यातून बसने परतत होते. पंधरा दिवसांनी, फेब्रुवारीच्या अखेरीला, ह्यनसर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या शेवटच्या व्याख्यानाच्या पत्रिकेचं मुद्रित तपासून झालं होतं. ‘देशातल्या शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणारे’ असं त्यात लिहिलं होतं. तेगूनने ते खोडलं नव्हतं. “नाही, कोरडे आहेत,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ऐकून म्हातारी वळली. उन्हाने आणि मिठाने रापलेला चेहरा, डाव्या भुवईत जुन्या जखमेचा खळगा. तिने नाव सांगायच्या आत त्याने ओळखलं. सुनदोक मावशी. आईच्या बरोबरीने चाळीस वर्षं बुड्या मारलेली. “कोण, तेगून?” ती अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. पाण्यात कान गेलेल्या बाया असंच बोलतात. “मानोकचा तेगून ना रे तू? अगं बाई, केवढा पांढरा झालास! बरं झालं भेटलास. परवा तुझ्या आईची तिथी. हे बघ, तिच्यासाठीच चाललंय सगळं.” तिने घमेल्यावरचं फडकं उचललं. खाली सुकवलेले मासे, तीन नाशपती, कागदात बांधलेलं काहीतरी. चेने दांड्यावरचा हात बदलला आणि कुतूहलाने खाली वाकून पाहिलं. तेगूनने तोंड उघडलं. “आपली काहीतरी गफलत होतेय, आजीबाई,” तो म्हणाला. “मी तो नव्हे.”

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग चेच्या चकचकीत बुटांकडे, मग मांडीवरच्या कागदांकडे. “होय की,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “मोतीबिंदू झालाय, साहेब. आमच्याकडच्या एकासारखे दिसलात. माफी असावी.” तिने फडकं पुन्हा नीट खोचलं आणि ती पुढे तोंड करून बसली. येंगदो बेटाकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी ती उतरली तोवर तिने एकदाही मागे पाहिलं नाही. घमेलं उचलून द्यायला चे पुढे झाला, तर त्यालाही तिने साहेब म्हटलं. “गंमत आहे,” चे परत येऊन म्हणाला. “त्या बायांमध्ये तुम्ही इतकी वर्षं काम केलंत, आता त्यांना तुम्ही आपल्यातलेच वाटायला लागलात.” यावर हसायचं असतं. तेगून हसला.

हसल्यावर त्याला कळलं की आपले कान तापले आहेत. हे कसं होतं ते तो तीस वर्षं शिकवत आला होता. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त वर येतं, मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. विभागात पोचला तरी ते ओसरलं नव्हतं. घरी हेवॉनने, त्याच्या बायकोने, भाताची वाटी पुढे ठेवत विचारलं, “ताप आहे का?” तर तो म्हणाला, वारा लागला बसमध्ये. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. बावन्न साली घाबरून बोललेलं खोटं माणूस स्वतःला माफ करतो. आज कशाची भीती होती? सगळं मिळून झालं होतं. पंधरा दिवसांनी तो कुणीच राहणार नव्हता. चेला काय वाटलं असतं? काही नाही. “हो का सर, तुमच्या मातोश्री?” म्हणाला असता, मान तुकवली असती, घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं. तरी जिभेने ते वाक्य काढलं, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तसं. मेंदूपर्यंत निरोप जायच्या आधीच. इतक्या वर्षांच्या सवयीने खोटं त्याच्या पाठीच्या कण्यात जाऊन बसलं होतं.

पहिल्या खेपेला मात्र खरीच भीती होती. अठ्ठेचाळीस साली जेजूवर सरकारने बंडखोर ठरवून माणसं मारली त्यांत त्याचा बाप होता. बापाने काही केलं होतं की नव्हतं हे त्याला अजूनही माहीत नाही. मारला गेला म्हणजे तो त्यातलाच, असा हिशेब होता, आणि त्यातल्याच्या मुलाला वैद्यकीच्या विद्यालयात कुणी उभं करत नव्हतं. बावन्न साली, लढाई चालू असताना, इथे बुसानमध्ये नोकरीचा अर्ज भरताना त्याने जन्मगाव बदललं आणि आईवडील दोघांच्या रकान्यात ‘मृत’ लिहिलं. आईला सांगितलं तेव्हा ती येंगदोच्या किनाऱ्यावर फळ्यांच्या खोपटात राहत होती. जेजू सोडून ती त्याच्याच मागे आली होती, इथल्या पाण्यात बुड्या मारून त्याचं शिक्षण तिने केलं होतं. ती जाळं सांधत होती. “बरं केलंस,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाला कुणी चौकशीला बोलवत नाही.” आणि हसली. त्या वेळी तोही हसला होता. पण भीतीने लिहिलेलं ते अक्षर पुढे भीती संपल्यावरही तसंच राहिलं, कारण मधल्या काळात ते सोयीचं झालं होतं. विभागप्रमुख मिन यांनी त्याला हाताशी धरलं. मिन यांच्या घरी पियानो होता. त्यांच्या मुलीचे, हेवॉनचे, हात इतके मऊ होते की पहिल्यांदा हातात घेतल्यावर त्याला आईचे तळवे आठवले, आणि आठवले म्हणून स्वतःचा राग आला. अनाथ, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला तरुण मिन यांना आवडला होता. पाणबुड्या बाईचा मुलगा आवडला असता की नाही, हे त्याने कधी विचारून पाहिलं नाही. राजकारण हे नुसतं पांघरूण होतं. खाली दुसरंच होतं: तिच्या केसांना येणारा ओल्या शेवाळाचा वास, बेटावरची ती बोली, जेवताना मांडी घालून पुढे झुकून भुरके मारणं. वर्षातून तीन-चार वेळा तो पुलापलीकडे जायचा, टोपी कपाळावर ओढून, औषधं आणि साखर घेऊन. एकोणसाठ साली मुलगी झाली तेव्हा आईने बाळंतिणीच्या सारासाठी सुकं शेवाळ दिलं, तळाशी जाऊन स्वतः निवडलेलं, लांब आणि न मोडलेलं. घरी त्याने सांगितलं, बाजारात मिळालं. हेवॉनने एकवीस दिवस ते सार प्यायलं. “असं शेवाळ मी कधी पाहिलं नाही,” ती म्हणायची. “त्याच दुकानातून आणा हं.”

आणि एकसष्टचा जानेवारी. सगळं त्यातच येऊन अडकतं. हिवाळ्यातल्या बर्फगार पाण्यात या बाया तासन्‌तास राहतात, त्या मरत का नाहीत, हा प्रश्न तोवर कुणी नीट विचारला नव्हता. तो तेगूनने विचारला. त्याच्या सगळ्या मोठेपणाच्या मुळाशी एवढंच आहे, की जे रोज दिसतं त्याकडे त्याने नवल म्हणून पाहिलं. मिन यांनी परदेशातून उपकरणं मिळवली, तिकडचा एक मोठा शास्त्रज्ञ, डॉक्टर हॅलोरन, ती घेऊन स्वतः आला. फक्त बाया येईनात. नळीत फुंकलं की फुप्फुस चिरतं, रक्त काढून विकतात, अशी त्यांच्यात आवई उठली होती. दोन महिने तेगून मदतनिसाला येंगदोला पाठवत राहिला. स्वतः जात नव्हता. का, ते त्याला माहीत होतं. मग एका सोमवारी सकाळी विभागाच्या दारात वीस बाया आपणहून येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे आई. “कसं जमवलंस हे?” मिन यांनी कौतुकाने विचारलं. “चिकाटी, सर,” तो म्हणाला. तिचा क्रमांक सातवा लागला.

हौद काँक्रीटचा होता. पाण्यात बर्फाच्या लाद्या सोडून तापमान एका आकड्यावर धरलेलं. सुती पांढऱ्या कपड्यात, तोंडात रबरी नळी, दंडावर आणि मांडीवर तारा चिकटवलेल्या, अशी ती गळ्याइतक्या पाण्यात तीन तास पडून राहिली. बाकीच्यांना दीड तासात, पावणेदोन तासात थरथर सुरू झाली होती. कागदावरची सुई हलली की मदतनीस ओरडायचा, “सुरू!” आणि बाईला बाहेर काढायचे. हिच्या कागदावर सुई हललीच नाही. दोन तासांनी हॅलोरन खुर्ची सोडून हौदाच्या काठाशी आला. अडीच तासांनी त्याने मिन यांना बोलावून घेतलं. तेगून घड्याळ धरून उभा होता आणि आईच्या ओठांचा रंग जाताना पाहत होता. मुलगा म्हणून पाहत होता की शास्त्रज्ञ म्हणून, हे त्याला अजून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या तासाभरात त्याला आनंद झाला होता. इतका स्वच्छ आकडा. ती पाण्यात असतानाच प्रश्नावली भरून घ्यायची होती. नळी काढली. हॅलोरन एकेक प्रश्न विचारायचा, तेगून तो आपल्या भाषेत करायचा. वय? “त्रेपन्न.” किती वर्षं बुड्या मारता? “बारा वर्षांची होते तेव्हापासून, साहेब.” साहेब. आठवडाभर ती त्याला तसंच म्हणत होती, तिच्या तोंडी तो शब्द कुठेही अडखळत नव्हता. मग हॅलोरनने विचारलं, मुलं किती? तेगूनने पुस्तिकेकडे पाहिलं. पुस्तिकेत प्रश्न छापलेला होता. “मुलं किती झाली तुम्हाला, बाई?” आईने त्याच्याकडे पाहिलं नाही, हॅलोरनकडे पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “मला कुणी नाही.” त्याच्या हाताने रकान्यात शून्य काढलं. गोल, व्यवस्थित शून्य.

ते शून्य छापलं गेलं. दुसरा तक्ता, सातवी ओळ: वय त्रेपन्न, बुड्या एकेचाळीस वर्षं, बाळंतपणं शून्य, थरथर नाही. निबंध जगभर गेला. तिकडच्या एका संशोधकाने त्या ओळीवर बोट ठेवून लिहिलं की ज्या शरीराने मूल वाढवलेलं नसतं ते ऊब अधिक राखत असावं, सातव्या क्रमांकाची बाई पाहा. त्याने दोनदा पत्र पाठवून तेगूनचं मत विचारलं. “एका उदाहरणावरून नियम काढू नये,” तेगूनने कळवलं. त्या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती, आणि तितकं लबाड वाक्य त्याने आयुष्यात दुसरं लिहिलं नाही. अडुसष्टच्या फेब्रुवारीत आई न्यूमोनियाने गेली. घरी परिषदेला जातो म्हणून सांगून तो येंगदोला गेला, बायांनी तिला टेकडीवर पुरलं, तो मुलाने घालायचे सुतकाचे तागाचे कपडे घालून उभा राहिला आणि उतरताना ते कपडे काढून सुनदोक मावशीच्या हातात दिले. त्यानंतर चोवीस वर्षं त्याने तिथी केली नाही. एकुलत्या एका मुलाने. घरात सासरेबुवांची तिथी दरवर्षी होते, तेव्हा मेजापुढे नमस्काराला तो पहिला वाकतो.

एवढ्या सगळ्यात त्याने स्वतःपाशी एक गोष्ट जपून ठेवली होती. त्या दिवशी हौदाच्या काठावर आपण तोंड उघडलं होतं. प्रश्न विचारून झाल्यावर, तिने उत्तर द्यायच्या आधी, काहीतरी ओठांवर आलं होतं. तिने घाई केली. क्षणभर थांबली असती तर तो बोलला असता. हे त्याने इतक्या वेळा स्वतःला सांगितलं होतं की ते आता आठवण आहे की रचलेलं, हे वेगळं करता येत नव्हतं. त्याच्या आधाराने तो जगत आला होता.

तिथीच्या दिवशी दुपारी तो पुलापलीकडे गेला. खोपटांच्या जागी सिमेंटच्या खोल्या झाल्या होत्या, पण चढण तीच होती. तो सुनदोक मावशीच्या दारात उभा राहिला तेव्हा ती मासे तव्यावर भाजत होती. तिने वर पाहिलं. “कोण साहेब आलेत?” ती म्हणाली. “बूट बाहेर काढा. जमीन आत्ताच पुसलीय.” आत बुटकं मेज मांडलेलं होतं, त्यावर नाशपती, मासे, भाताची वाटी, आणि मध्ये, फोटो नव्हता म्हणून, कागदावर लिहिलेलं नाव. अक्षर शाळकरी होतं. “माझ्या नातीकडून लिहून घेतलं,” म्हातारी म्हणाली. “मला कुठे येतंय. दरवर्षी नवीन लिहितो, जुनं जाळतो. चोवीस झाले.” “मावशी,” तो म्हणाला, “परवा बसमध्ये...” “मोतीबिंदू आहेच रे मला. खोटं नाही बोलले.” तिने मासा उलटला. “बस तरी आता, असा कर्ज मागायला आल्यासारखा काय उभा आहेस.”

तो बसला. ती विचारणार नाही हे कळलं म्हणून, त्याने आपणहून हौदाचं काढलं. मी बोलणार होतो, मावशी. ती इतक्या झटक्यात नाही म्हणाली. म्हातारीने विस्तव कमी केला, हात पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, हिला खरंच दिसत नसावं. “झटक्यात कसली?” ती म्हणाली. “तिथे पहिल्यांदा यायच्या आदल्या दिवशीच ठरलं होतं ते. शेकोटीपाशी आम्हा एकोणीस जणींना तिने बसवून घेतलं. म्हणाली, उद्या तिथे माझा पोरगा असेल. कुणी नावाने हाक मारायची नाही, साहेब म्हणायचं. दोनदा घोकून घेतलं आमच्याकडून, पोरांकडून पाढे घेतात तसं. मुलं किती विचारलं तर काय सांगशील, म्हटलं. आम्ही सुचवलं, एक सांग, जपानला असतो म्हण. तर म्हणाली, नको. एक म्हटलं की तो गोरा पुढे विचारणार, कुठे असतो, काय करतो. मग माझ्या पोराला तिथल्या तिथे खोटं रचावं लागेल. चारचौघांत त्याला खोटं बोलायला लावू का? कुणी नाही, हेच बरं.” तव्यावर तेल तडतडलं. “मी विचारलं तिला,” म्हातारी पुढे म्हणाली, “की बाई, आणि त्यानेच आई म्हणून हाक मारली तर? तुला त्या पाण्यात बघून? तर हसायला लागली. म्हणाली, नाही मारायचा. माझा आहे तो, मला ठाऊक आहे.”

त्याने मेजाच्या पायाकडे पाहिलं. पाय एका बाजूने बसका होता, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. तिने घाई केली नव्हती. वाट पाहण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आणि तिच्या त्या समजुतीत राग नव्हता, हे त्याला सहन होईना. तो कसा आहे ते तिला पाण्याचा प्रवाह ठाऊक असावा तसं ठाऊक होतं, आणि त्या अंदाजाने ती उतरली होती. “आणि घरी आल्यावर काय थरथरली रे,” म्हातारी बोलतच होती. “तीन गोधड्या घातल्या, मी आणि अजून एक बाई दोन्ही बाजूंनी झोपलो, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दात वाजत होते. मी म्हटलं, तिथे कशी गप्प राहिलीस? तर म्हणते, जी जास्त वेळ थरथरणार नाही ती चांगली, असं त्यांचं चाललं होतं. दात दाबून धरले, पाण्याखाली मुठी वळल्या. पोराचा आकडा चांगला यायला हवा ना.” तेगूनने मान वर केली. थरथर इच्छेने काही काळ दाबता येते. हे त्याला माहीत होतं, त्याने इतरत्र लिहिलंही होतं. सातव्या ओळीपुरतं ते त्याच्या मनात आलं नव्हतं. “शेवटी काय शोधलंत तुम्ही?” म्हातारीने विचारलं. “इतक्या जणींना भिजवून?” तो म्हणाला, “हिवाळ्यात तुमची शरीरं बसल्याजागी जास्त जळण जाळतात, असं.” “मग आम्हाला विचारायचं होतंस,” ती म्हणाली. “हिवाळ्यात आम्ही दुप्पट जेवायचो.” मग तिने मासे ताटलीत काढले, मेजावर ठेवले आणि भिंतीला टेकून बसली. “वाक आता. ऊन आहे तोवर. मी दरवर्षी वाकते, पण मी तिची कोण?” त्याने दोनदा नमस्कार घातला. दुसऱ्या वेळी कपाळ जमिनीला टेकल्यावर त्याला उठता येईना. गुडघ्याचं दुखणं होतं, ते होतंच. म्हातारीने काखेत हात घालून त्याला उचललं. ऐंशी वर्षांच्या त्या बाईच्या हातात अजून खडकावर चढायची ताकद होती.

हेवॉनला सांगायला त्याच्याकडे बारा दिवस होते. रोज सकाळी तो ठरवायचा, आणि ती भाताची वाटी पुढे ठेवायची, आणि तो म्हणायचा, आज मीठ बरोबर झालंय. सात पानं मात्र त्याने लिहिली: अठ्ठेचाळीस साल, बाप, अर्ज, मिन यांचं घर, सगळं क्रमाने, कारणांसकट. ती कोटाच्या आतल्या खिशात घालून तो व्याख्यानाला गेला. सभागृह भरलं होतं. हेवॉन पहिल्या रांगेत होती, मुलीशेजारी, करड्या रेशमी पोशाखात. तिला आधी एकटीला सांगायला हवं होतं, हे व्यासपीठावर चढताना त्याला स्पष्ट दिसलं. इतक्या लोकांपुढे बोलणं त्याला सोपं वाटत होतं कारण इतक्या लोकांत कुणी एक माणूस समोर नसतो. हेही भ्याडपणच होतं. तरी त्याने दुसरा तक्ता पडद्यावर लावायला सांगितला. “या तक्त्यात दोन दुरुस्त्या आहेत,” तो म्हणाला. “सातवी ओळ. बाळंतपणं, शून्य आहे तिथे एक वाचावं. थरथर, नाही असं आहे. तिथे मोजता आली नाही असं वाचावं. बाई तीन तास ती दाबून धरत होती. घरी गेल्यावर ती अठरा-वीस तास थरथरली. त्याची नोंद आम्ही घेतली नाही.” लोक टिपून घेत होते. “हे मला एकतीस वर्षं माहीत होतं, निदान पहिली चूक तरी. ती बाई माझी आई होती. तिचं नाव को मानोक. तिला मुलं किती, हे मी तिला विचारलं, आणि तिने सांगितलेलं उत्तर मी लिहून घेतलं.”

कुणीतरी खोकलं. चे कडेला उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळून आल्याचं दिसलं आणि त्याने नजर खाली केली. मग मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. दुसऱ्या वर्षाची असेल. तिला शिकवलं होतं तसंच तिने विचारलं, मनात काही न ठेवता: “सर, मग निष्कर्ष बदलतो का?” त्याने या प्रश्नाचा विचार केलेला नव्हता. त्याने मनातल्या मनात ती ओळ काढून टाकली आणि उरलेल्यांची सरासरी काढली. तेवढं त्याला अजून तोंडपाठ होतं. “नाही,” तो म्हणाला. “एकोणीस जणींवर निष्कर्ष तसाच उभा राहतो. सातवी ओळ नसती तरी चाललं असतं.”

हेवॉन उभी राहिली. “मला विचारायचं आहे, प्राध्यापक ह्यन,” ती म्हणाली. चौतीस वर्षांत तिने त्याला कधी अशी हाक मारली नव्हती. “त्या कधी वारल्या?” “अडुसष्ट साली.” “म्हणजे आपलं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती.” “हो.” “कुठे राहायच्या?” “येंगदोला.” “आपल्या घरापासून किती लांब?” “पंचवीस मिनिटं,” तो म्हणाला. ती उभीच होती. आता ती का म्हणून विचारेल, असं त्याला वाटलं, आणि त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तिने विचारलं नाही. तिने पोशाखाच्या चुण्या नीट केल्या आणि ती खाली बसली. चेने घाईने खूण केली आणि ठरल्याप्रमाणे दोन विद्यार्थिनी मोठा पुष्पगुच्छ घेऊन वर आल्या. तेगूनने तो दोन्ही हातांनी घेतला. कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं, आणि तो कमरेत वाकला, वाकलेलाच राहिला, कारण उभ्या माणसांच्या मधून त्याला पहिल्या रांगेत तिचे दोन हात दिसत होते, मांडीवर, उताणे, एकमेकांत न गुंतवलेले.